दंडाचे बळ कोणासाठी?

सोमवार म्हणजे ‘चेस्ट डे’. अमरावतीत गाडगेनगरला असो की अकोल्यात जठारपेठेत, सोमवारी संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये डोकावले तर बेंच प्रेसपाशी गर्दी दिसते. बहुतेक मुले अठरा ते पंचविशीतली. कानात गाणी, समोर भिंतभर आरसा, हातात शेकर. एकाचा सेट संपला की दुसरा बारवर आणखी एक प्लेट चढवतो. पायांच्या मशीनवर तेवढ्यात कोणाचा तरी टॉवेल वाळत असतो. तासाभराने छाती आणि दंड फुगलेले दिसू लागले की आरशासमोर फोटो निघतो आणि दिवस सार्थकी लागतो.

त्याच गल्लीतल्या एखाद्या घरात पन्नाशी ओलांडलेली बाई भरलेला कुकर उचलताना दोन्ही हात लावते. शेजारचे निवृत्त गुरुजी मधुमेहाची गोळी नियमित घेतात, रोज सकाळी फिरायलाही जातात. पण गॅस सिलिंडर सरकवायला मुलाची वाट बघतात. पलीकडच्या आजी न्हाणीघरात घसरल्या, हात टेकवला आणि मनगट मोडले. या तिघांपैकी कोणीही जिमची पायरी चढलेले नाही. ‘व्यायाम करा’ म्हटले की उत्तर ठरलेले असते, ‘‘आता या वयात काय पयलवान बनाचं हाय काय?’’

खरी गोम इथेच आहे. खांदे, छाती, पाठ आणि हात यांच्या ताकदीचा व्यायाम हे औषध आहे. आज हे औषध ज्यांना त्याची सर्वांत कमी निकड आहे ते तरुण गरजेपेक्षा जास्त मात्रेत घेत आहेत. आणि ज्यांना ते खरोखर हवे, त्यांना ते कोणी लिहूनच देत नाही.

पकड सैल होते तेव्हा

माणसाचे स्नायू तिशीपर्यंत भरतात. त्यानंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या वजनापेक्षाही लवकर घटते. हे इतके हळूहळू होते, की घरात कोणाच्या लक्षात येत नाही. आधी डब्याचे झाकण उघडेनासे होते, मग पाण्याची बादली अर्धी भरली जाऊ लागते, मग बाजाराची पिशवी दुसऱ्याच्या हातात जाते. ‘वय झालं’ या दोन शब्दांत सगळे मिटवले जाते. वैद्यकशास्त्रात मात्र या अवस्थेला नाव आहे, सार्कोपेनिया. आणि ती बऱ्याच अंशी रोखता येते.

हाताच्या पकडीचे बळ मोजणारे डायनॅमोमीटर नावाचे एक छोटे यंत्र असते. मुठीत धरून दाबायचे आणि किती किलोचा जोर लागला ते वाचायचे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड अशी मोजून त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. ‘प्युअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पकड प्रत्येकी ५ किलोने कमी असली, की कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. मृत्यूचा अंदाज बांधण्यात हे मोजमाप वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरले. याचा अर्थ नुसती मूठ बळकट केली की आयुष्य वाढते, असा नाही. मूठ ही साऱ्या शरीराच्या स्नायूंची खबर देते, एवढाच आहे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ती धोक्याची खूण समजली जाते.

भारतीयांसाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापले. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, स्वतः याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंची-वजनाचे गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची देहयष्टी त्या एका चित्राने जगाला समजावली. बारीक हातापायांच्या, किंचित पोट सुटलेल्या माणसाला मधुमेह कसा होतो, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

कारण स्नायू हे साखरेचे शरीरातले सर्वांत मोठे कोठार आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात आणि साठवून ठेवतात. कोठार लहान असेल, तर साखर रक्तातच फिरत राहते. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेताही साखर आत ओढतो. गोळी जिथे कमी पडते तिथे व्यायाम कामाला येतो तो असा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यांपैकी किती जणांच्या कागदावर ताकदीचा व्यायाम लिहिलेला असतो?

चालणे चांगले, पण अर्धेच

वऱ्हाडात चालण्याची आवड कमी नाही. अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावाकडे, अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे माणसांची रीघ असते. हृदयाला, मनाला आणि साखरेलाही चालण्याचा फायदा होतो, यात शंका नाही. पण चालताना हात फक्त हलतात, त्यांच्यावर भार पडत नाही. वीस वर्षे नेमाने चाललेल्या माणसाचे खांदे, पाठ आणि दंड तरीही सुकू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल सांभाळणारे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत. पहिले वाक्य सर्वांना पाठ झाले, दुसरे हरवले. ‘रोज अर्धा तास चाला’ एवढाच निरोप घरोघरी पोचला.

वयाची सबब इथे चालत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत एका शुश्रूषागृहातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली त्या जड वजन उचलत होत्या. डोक्यावर वजन उचलणे हाही त्यातला एक व्यायाम होता. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची उलट थोडी घटली. पडल्यावर मनगट मोडते की टिकते, यात हाडांच्या मजबुतीचा मोठा वाटा असतो आणि हाड बळकट राहण्यासाठी स्नायूंचा ताण लागतो.

‘शेतात राबते, तिला कशाला?’

हा प्रश्न वऱ्हाडात हमखास येतो आणि तो रास्त आहे. कापूस वेचणारी, निंदण करणारी, डोक्यावर गाठोडे घेऊन घरी येणारी बाई दिवसभर हातच चालवत असते. तिला वेगळा व्यायाम कशाला?

कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. वेचणीत बोटे आणि मनगट हजारो वेळा तीच हालचाल करतात, पण भार नगण्य असतो. कंबर आणि मान तासन् तास वाकलेली राहते. विश्रांती कधी घ्यायची हे शरीर ठरवत नाही, हंगाम ठरवतो. ताकद वाढायची तर भार हळूहळू वाढावा लागतो, दोन दिवसांच्या मध्ये स्नायूंना सावरायला वेळ लागतो आणि ताटात पुरेशी प्रथिने लागतात. शेतातल्या बाईला यांतले काहीच मिळत नाही. म्हणून हात दुखतात, पण बळकट होत नाहीत. तिला आणखी कष्ट नकोत हे खरे. पण खांदे मागे खेचणारे, पाठ सरळ करणारे पाच-सात मिनिटांचे व्यायाम तिच्या दुखण्यावर मलमापेक्षा जास्त उपयोगी पडू शकतात. डाळ-अंडे तिच्याही वाट्याला यायला हवे. घरात सर्वांत शेवटी जेवणारीच्या ताटात ते क्वचितच उरते.

मधुमेहींमध्ये आणखी एक दुखणे वारंवार दिसते, आखडलेला खांदा. हात वर जात नाही, केस विंचरता येत नाहीत, पाठीमागे हात पोचत नाही. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी पट अधिक असते. दुखणे तीव्र असताना वजन उचलू नये, आधी उपचार घ्यावेत. पण साखर आटोक्यात ठेवून खांदा रोज पूर्ण फिरवला, तर हालचाल टिकवायला मदत होते.

अमरावतीकरांना हे नवे नाही

ताकदीचा व्यायाम ही पश्चिमेकडून आलेली जिमची देणगी, असे अमरावतीत तरी कोणी म्हणू नये. येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. गुलामीतल्या देशातल्या, वऱ्हाडातल्या एका गावची मुले युरोपला दाखवायला आपला व्यायाम घेऊन गेली होती.

त्या व्यायामाची रचना बारकाईने पाहिली, तर आजच्या ‘चेस्ट डे’पेक्षा ती शहाणी वाटते. जोर मारले की छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू काम करते, म्हणजे ढकलण्याची ताकद येते. मल्लखांबावर आणि दोरावर चढताना पाठ, दंडाची पुढची बाजू आणि मूठ काम करते, म्हणजे ओढण्याची ताकद येते. मुद्गल फिरवताना खांदा सर्व दिशांनी फिरतो. आणि जोरांच्या पाठोपाठ बैठका येतातच. ‘जोर-बैठका’ हा शब्दच जोडीने आला आहे. वरचे अंग आणि खालचे अंग वेगळे काढायचे नाही, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे. आज दोरीच्या मल्लखांबावर मुली सहज चढताना दिसतात. मुंबईच्या हिमानी परब हिला २०२१ च्या वर्षासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मल्लखांबासाठीचा पहिलाच. स्त्रीच्या हातांत बळ येऊ शकत नाही, हा समज तेव्हाच निकालात निघायला हवा होता.

आखाडा सर्वांना खुला होता, असेही समजू नये. बायका आणि म्हातारी माणसे तिथेही फारशी नव्हतीच. वारसा मिरवायचा असेल, तर हे राहून गेलेले काम पुढे न्यायला हवे.

तरुणांचे चुकते कुठे?

तरुण मुले जिमला जातात ही चांगलीच गोष्ट आहे. तंबाखू आणि चौकातल्या टवाळकीपेक्षा ती कितीतरी बरी. पण काही चुका महागात पडतात.

पहिली चूक एकांगीपणाची. आरशात दिसते तेवढेच घडवायचे. छाती आणि दंडावर जोर आणि पाठीकडे दुर्लक्ष केले, की खांदे पुढे झुकतात आणि खांद्याचे दुखणे मागे लागू शकते. ढकलण्याचा एक व्यायाम केला, तर ओढण्याचाही किमान एक करावा, हा साधा नियम पुरे आहे.

दुसरी चूक घाईची. पहिल्याच आठवड्यात मित्राच्या बरोबरीने शंभर-दीडशे पुल-अप्स किंवा पुश-अप्स मारले जातात. दुसऱ्या दिवशी हात सुजून कोपरात वाकत नाहीत आणि लघवी काळ्या चहासारखी होते. याला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते. वेळेत सलाइन मिळाले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते. सवय नसताना, वऱ्हाडातल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना पत्र्याखालच्या जिममध्ये असा व्यायाम करणे म्हणजे धोका दुप्पट करणे आहे. व्यायामानंतर लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. सहा महिन्यांत ‘बॉडी’ हवी म्हणून अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली जातात. त्यांनी अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, पुरुषांच्या छातीवर गाठ येते, चांगले कोलेस्टेरॉल घसरते आणि हृदयाचा स्नायू जाड होतो. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा हा इतिहास बाहेर येतो. त्याहून भयंकर म्हणजे मेफेंटरमिन. शस्त्रक्रियागृहात भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे हे औषध काही मुले व्यायामाआधी ‘जोश’ येण्यासाठी टोचून घेतात. त्याने रक्तदाब आणि हृदयाची गती झपाट्याने वाढते, हृदयाचे ठोके चुकू शकतात आणि त्याची सवयही लागते. हे इंजेक्शन जिममध्ये मिळत असेल, तर तो जिम सोडून पोलिसांना आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवणे हाच मार्ग आहे.

राहिला प्रश्न डब्यातल्या पावडरीचा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळण्याचाच सल्ला दिला आहे. त्याच वर्षी भारतीय बाजारातल्या ३६ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण प्रत्यक्षाशी जुळले नाही आणि काहींत बुरशीचे विषही सापडले. ज्या वऱ्हाडाच्या शिवारात तूर, हरभरा आणि सोयाबीन उभे असते, तिथल्या मुलाने हजारो रुपये डब्यावर घालवावेत हे अजबच म्हणायचे.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. तीन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण, एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे आणि मूठभर फुटाणे एवढ्यात त्या आकड्याच्या जवळ जाता येते. वजन उचलणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत लागू शकतात. त्यासाठी दोन अंडी किंवा ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि जास्तीची डाळ पुरेशी आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

अर्ध्या तासाचे सत्र

पन्नाशीतल्या, कधीही व्यायाम न केलेल्या माणसाने सुरुवात कशी करावी? जिम असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवसाची सुट्टी. आधी पाच मिनिटे जागेवर चालणे आणि खांदे, मनगटे सैल करणे.

पहिला व्यायाम भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहात टेकायचे, कोपरे वाकवत छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायचे. ते सोपे वाटू लागले की ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर. दुसरा ओढण्याचा. एक हात खुर्चीवर टेकून पुढे वाकायचे आणि दुसऱ्या हाताने दोन-तीन किलो डाळ भरलेली पिशवी कमरेपर्यंत वर खेचायची. तिसरा डोक्यावर उचलण्याचा. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. दोन्ही हातांत एकेक घेऊन खांद्यापासून सरळ वर. चौथा पकडीचा. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या धरून ताठ चालणे. पाचवी, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, म्हणजेच बैठका.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, मिनिट-दोन मिनिटे विसावा, मग पुन्हा एकदा. आणखी दोन वेळा करता आले असते असे वाटत असतानाच थांबायचे. सलग दोन सत्रांत बारा वेळा सहज झाले, तर वजन थोडे वाढवायचे. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. श्वास कोंडून जड वजन उचलताना तरुण, निरोगी पैलवानांचाही रक्तदाब काही क्षण ३०० च्या पुढे गेल्याचे १९८५ मध्ये मोजले गेले आहे. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणे स्वाभाविक आहे. सांधा दुखणे, मुंग्या येणे किंवा छातीत दाटणे स्वाभाविक नाही.

कोणी थांबावे? रक्तदाब १८० वर ११० किंवा त्याहून जास्त असेल, चालताना छातीत दुखत असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील, हर्निया असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर पाहावी आणि जवळ गूळ किंवा साखर ठेवावी. बाकीच्यांनी जिममध्ये झटका आल्याच्या बातम्या वाचून घाबरून जाऊ नये. धोका असतो तो सवय नसताना अचानक केलेल्या अतिश्रमात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांत मृत्यूचा धोका न करणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळतो.

कागदावर एक ओळ

हे सारे व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर सोडून चालणार नाही. सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासली जाते, कंबर मोजली जाते, आठवड्याला १५० मिनिटे हालचाल होते का हेही विचारले जाते. त्यात पकडीची एक नोंद वाढवणे अवघड नाही. डायनॅमोमीटर नसेल, तर हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला किती सेकंद लागले, एवढे तरी मोजता येते. बारा किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर लक्ष द्यायला हवे. आणि औषधांच्या यादीखाली एक ओळ लिहिता येते, ‘ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा’.

शिकवायला माणसे नाहीत, ही तक्रार निदान या भागात तरी टिकत नाही. अमरावतीत शारीरिक शिक्षणाची पदवी देणारे महाविद्यालय आहे. तेथून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली नोकरीच्या शोधात फिरतात आणि दुसरीकडे जिममध्ये कालपर्यंत स्वतः शिकणारा मुलगा आज ‘ट्रेनर’ होतो. पालिकेची उद्याने, आरोग्य केंद्रे आणि व्यायामशाळा यांनी या पदवीधरांना आठवड्यातून दोन दिवस बोलावले, तर वडाळीच्या तलावावर फेरी मारून झाल्यावर वीस मिनिटे भिंतीवरचे जोर घेणारा गट उभा राहायला वेळ लागणार नाही.

जिमचालकांनाही यात तोटा नाही. सकाळी नऊ-दहानंतर बहुतेक जिम ओस पडतात. ते दोन तास पन्नाशीपुढच्या लोकांसाठी आणि बायकांसाठी राखून ठेवावेत, शक्यतो महिला प्रशिक्षक ठेवावी, गाण्यांचा आवाज कमी करावा आणि एक किलोचे डंबेल्स विकत घ्यावेत. बहुतेक ठिकाणी वजनाची सुरुवातच एवढी जड असते, की नवख्या बाईला पहिल्याच दिवशी ही जागा आपली नाही असे वाटते.

तोपर्यंत रुग्णाने एक गोष्ट स्वतःच करावी. पुढच्या तपासणीला कागदावर फक्त ‘चालायला जा’ लिहून मिळाले, तर उठण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ‘‘आणि हातांसाठी काय करू?’’